म्युनिकच्या यंत्रघरात

14 जुलै 2012, शनिवार

सकाळी इझारटोर स्टेशनला उतरलो आणि चालत नदीवर आलो. इझारचं पाणी हिरवट, थंडगार, आणि ओढ मोठी. नदीच्या मधल्या बेटावर डॉइचेस म्युझियमची भलीमोठी इमारत. पूर्वी डोंगरातून तराफे खाली यायचे, त्यांवरचं लाकूड नि कोळसा या बेटावर उतरायचा, म्हणून याला कोळसाबेट म्हणत, असं जावईबापूंनी सांगितलं. आमची ही पुलावरच थांबली. "नदीच्या मधोमध एवढं वजन ठेवलंय, पूर आला तर?" पंचगंगेकाठच्या माणसाला आधी हेच सुचणार. जावईबापू म्हणाले, "हिशोब करूनच बांधलं असेल." ही म्हणाली, "असेल म्हणजे?"

आत शिरताच पोरं बालविभागाकडे पळाली. तिथं एक गिटार आहे, आत जाऊन बसता येईल एवढी मोठी. धाकटी नात आत बसून तारा ओढत होती आणि थोरला बाहेरून लाकडाला कान लावून उभा. त्यांना हलवायचं काम लेक-जावयांवर सोपवून मी इंजिनांच्या दालनात सटकलो.

पाणचक्क्या, वाफेची इंजिनं, टर्बाइन ओलांडत गेलो आणि डिझेलच्या इंजिनापाशी पाय थांबले. ही नक्कल नव्हे. 1897 साली ऑग्सबर्गच्या कारखान्यात ज्यावर चाचणी झाली तेच इंजिन. माणसाच्या दीडपटीहून उंच, एकच उभा सिलिंडर. बोअर 250 मिलिमीटर, स्ट्रोक 400, आणि ताकद वीसेक घोड्यांची. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं कुठलंही पोरगं हे ऐकून हसेल, एवढ्या बोअर-स्ट्रोकमध्ये वीसच? पण फेरे मिनिटाला दीडशेच्या आसपास. या माणसाला घोडे नकोच होते, त्याला जळणाचा हिशोब जिंकायचा होता. 17 फेब्रुवारी 1897 ला श्रोटर नावाच्या प्राध्यापकांनी अधिकृत चाचणी घेतली आणि जळणातली 26 टक्क्यांहून जास्त उष्णता कामी लागते असं मोजून दाखवलं. त्या काळच्या साध्या वाफेच्या इंजिनाला याच्या निम्मंही जमत नव्हतं.

मी बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो. इंजिनाच्या अंगालाच हवेचा पंप जोडलेला आहे. तेल सिलिंडरात फवारायला डिझेलने दाबाची हवा वापरली, आणि हा पंप हेच या इंजिनाचं दुखणं होतं. वजन वाढलं, किंमत वाढली, गाडीत तर घालायलाच नको. 1927 मध्ये बॉशने तेलाचा छोटा पंप मोठ्या संख्येने काढायला सुरुवात केली, तेव्हा कुठं हे लचांड सुटलं. आम्ही इंजिनांच्या धंद्यात पडलो तोवर तोंडात नाव मायकोचं, म्हणजे बॉशच्याच भारतातल्या कंपनीचं. मायकोचा पंप, मायकोचं नोझल. इंजिन काळा धूर ओकायला लागलं की नोझल काढून बाहेर धरायचं आणि हँडल मारायचं. तेलाचा बारीक धुराळा उडाला तर ठीक, टोकाला थेंब लोंबला तर नोझल गेलं. गुऱ्हाळाच्या हंगामात रात्री दोन वाजता हे केलंय. काहिलीत रस, चरका बंद, आणि शेतकरी डोक्यावर उभा.

थोरला नातू शोधत आला. "आबा, हे चालू करा की." याला बटण नाही. आजूबाजूच्या कितीतरी यंत्रांना आहे, दाबलं की दट्ट्या हलतो, चिरून ठेवलेल्या सिलिंडरच्या आत काय चाललंय ते दिसतं. याला मात्र हात लावायचा नाही. मग मी त्याला सायकलच्या पंपाची गोष्ट सांगितली. भोकावर बोट दाबून जोरात पंप मारला की नळी तापते, तसं हवा आणखी आणखी दाबत गेलं तर इतकी तापते की तेल आपोआप पेट घेतं. ठिणगी नको, बत्ती नको. आमच्या वडिलांच्या काळच्या कित्येक इंजिनांचं डोकं आधी ब्लो लॅम्पने लालबुंद करावं लागायचं, मग ते उठायचं. नातवाने विचारलं, "मग तुम्ही बोट भाजून घेतलंत का?" घेतलं होतं.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. एवढी इंजिनं एका छपराखाली आणि जळक्या तेलाचा वास कुठंच नाही. हे काही बरोबर नाही.

जेवताना हिला डिझेलचं पुढं काय झालं ते सांगितलं. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून तो नाहीसा झाला. रात्री जेवून खोलीत गेला, सकाळी नव्हता. हिने दशमीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "कर्ज होतं का?" होतं.

15 जुलै, रविवार

पोरांच्या हट्टाने पुन्हा तिथंच. आज खाण. तळघरात उतरलं की वळणावळणाची बोगद्यांची वाट लागते, आणि एकदा शिरलं की सगळं फिरूनच बाहेर. कुठं गुडघे वाकवून जायचं, कुठं लाकडी टेकूंवर छत तोललेलं, कुठं आडवं पडून कोळसा खणणारा पुतळा. मिठाची खाण, कोळशाची खाण, मग मोठमोठी यंत्रं. धाकटी सुरुवातीलाच लेकीच्या कडेवर चढली. थोरला बडबड करत होता तो गप्प झाला आणि माझं बोट धरलं. अख्ख्या इमारतीत मला हे सगळ्यात पटलेलं दालन. इथं वाचायला फार नाही, पाठ मोडते तेव्हा आपोआप कळतं.

नंतर जहाजं. 1880 ची मारिया नावाची मासेमारीची शिडाची होडी तिथं अख्खी उभी आहे, आणि जर्मनीची पहिली पाणबुडी, 1906 ची यू-1, तिचं अंग एका बाजूने कापून उघडं केलंय. ती बेचाळीस मीटर लांब आहे. पाण्यावर चालायला तिला रॉकेलची इंजिनं होती, पेट्रोलची भीती वाटत होती म्हणून. रॉकेलचा पांढरा धूर लांबून दिसायचा. लपून राहायचा ज्या बोटीचा धंदा, तिनेच धूर काढत जायचं! जावईबापू खूप हसले. ते सॉफ्टवेअरवाले, त्यांना असले किस्से आवडतात.

17 जुलै, मंगळवार

इथं शाळा जुलैअखेरपर्यंत चालतात. पोरं शाळेत, लेक-जावई कामावर. ही म्हणाली, घरात बसून काय करायचं, चला. आज दोघंच. कापडाच्या विभागात जायचं हे तिने आधीच ठरवलं होतं.

हिचं माहेर इचलकरंजीचं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, त्यानंतर ते गाव दुसरं काही बोललंच नाही. हिच्या घरात दोन माग होते आणि ही शाळेत जायच्या आधी कांड्या भरायची. लग्नानंतर आमच्या घरात पहिले काही महिने हिला झोप लागेना, का, तर फार शांत आहे.

जाकारच्या मागापुढं ती जी उभी राहिली ती हलेना. वरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ येते. प्रत्येक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. पुठ्ठा सुयांवर येऊन दाबतो. जिथं भोक आहे तिथली सुई आरपार जाते, तिचा आकडा पात्यावर अडकलेला राहतो आणि पातं उचललं की त्याला बांधलेलं उभं सूत वर येतं. भोक नाही तिथली सुई मागं ढकलली जाते, आकडा सुटतो, सूत खालीच. वर आलेल्या नि खाली राहिलेल्या सुतांमधून धोटा पळतो. फूल, पान, मोर, जे काय हवं ते या भोकांत लिहिलेलं. हे मी वाचून समजून घेत होतो. ही वाचत नव्हती. ती मागच्या बाजूला गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "ताण कमी आहे. असा चालवला तर सुतं तुटतील."

तिथल्या देखरेखीच्या बाई जवळ आल्या, बहुतेक आम्ही फार वाकतोय म्हणून. भाषा एकमेकींची कळत नाही. हिने पिशवीच्या कडेचा निघालेला दोरा तोडला, त्याचे दोन तुकडे केले आणि एका हाताने, बोटांची दोन वळणं घेऊन, विणकराची गाठ मारून दाखवली. गाठ इतकी बारीक की फणीतून अडखळल्याशिवाय जावी. त्या बाईंनी दोरा मागून घेतला, आपली गाठ मारली. थोडी वेगळी. मग दोघी तिथं बराच वेळ दोऱ्याचे तुकडे करत बसल्या. त्यांच्याही घरी कोणीतरी विणकर असणार. मी बाकावर जाऊन बसलो.

वरच्या मजल्यावर गणकयंत्रं. कोनराड त्सूझं नावाच्या इंजिनिअरने 1941 मध्ये बर्लिनमध्ये झेड-3 हे यंत्र बांधलं, टेलिफोनच्या रिलेंवर चालणारं, दिलेल्या हुकमांप्रमाणे आपोआप गणित करणारं. मूळ यंत्र बाँबहल्ल्यात गेलं. इथं आहे ते 1960 च्या दशकात त्यांच्याच देखरेखीत पुन्हा उभं केलेलं. शेजारी त्याचा धाकटा भाऊ झेड-4, तो मात्र मूळचा. हुकूम द्यायला त्सूझंने वापरली सिनेमाची टाकाऊ फिल्म, तिच्यावर भोकं पाडून. कोल्हापूरच्या माणसाला सिनेमाची फिल्म म्हटलं की बाबूराव पेंटर आठवणार. त्यांनी 1918 मध्ये गावातच स्वतःचा कॅमेरा बनवला. हिला मात्र फिल्मच्या भोकांत दुसरंच दिसलं. "माग चालवायची पद्धत इथं आणली की यांनी," म्हणाली, आणि जावईबापूंना आज रात्री सांगायचं म्हणून चेहरा खुलला.

19 जुलै, गुरुवार

पाऊस. घरीच. जावईबापूंनी संग्रहालयाची एक पुस्तिका आणून दिली, चित्रं बघत नि लेकीला विचारत वाचली.

हे सगळं उभं केलं ओस्कर फॉन मिलर या विजेच्या इंजिनिअरने. 1903 मध्ये संस्था काढली, बेटावरची इमारत मात्र महायुद्ध नि महागाईत अडकली आणि उघडली 7 मे 1925 ला, त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी. दुसऱ्या महायुद्धात 1944 च्या बाँबवर्षावात तिची पार दशा झाली, 1948 पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू. मिलरचा आग्रह असा की यंत्रं चिरून दाखवा, हँडलं लावा, लोकांना फिरवू द्या. मला कळेना, विजेच्या माणसाला ही हाताची ओढ कुठून? पुढच्याच पानावर उत्तर होतं. बाप ओतारी. म्युनिकमधल्या राजाच्या ओतशाळेचा प्रमुख, फर्डिनांड फॉन मिलर. शहरातला बव्हेरियाचा प्रचंड पुतळा त्याने ओतला. रविवारी तिकडे जायचंच, हे मी जेवायच्या आधी जाहीर करून टाकलं.

आणखी एक गंमत. 1882 मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात याच ओस्करने मीसबाखहून 57 किलोमीटर लांब, तारेतून वीज आणून एक पंप चालवला आणि त्या पंपाच्या पाण्याचा धबधबा करून लोकांना दाखवला. ते वाचून मी पुस्तिका बाजूला ठेवली. आमच्या धंद्याला लागलेली कीड हीच. विहिरीवर वीज पोचली, मोटर बसली, ऑइल इंजिन गोठ्याच्या मागं जाऊन पडलं. उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावं ऐकत आम्ही वाढलो, इंजिनाच्या जोरावर ती वसाहत उभी राहिली. ज्यांना पुढं पंपाचं, गाड्यांच्या सुट्या भागांचं ओतकाम जमलं ते तगले. आमच्या शेडमधला पहिला लेथ, बेल्टवर चालणारा, किलोच्या भावाने गेला. गिऱ्हाइकाने काटा आणला, तोडून तुकडे केले आणि टेम्पोत टाकले. भाव चांगला आला असं तेव्हा सगळे म्हणाले, मीही म्हणालो. इथं तसला लेथ दोरी बांधून, दिवा लावून ठेवलाय.

21 जुलै, शनिवार

पुन्हा सगळा लवाजमा. मनोऱ्यात फूकोचा लंबक आहे. वरून सुमारे 60 मीटर तार, खाली जड गोळा. एक झोका जाऊन यायला पंधराएक सेकंद लागतात, इतका सावकाश की धाकटीने दोनदा विचारलं, बंद पडला का? लंबक आपली दिशा सोडत नाही, खालची जमीन फिरते, म्हणून तो वळतोय असं दिसतं. थोरल्याचा प्रश्न: कोल्हापुरात टांगला तर? लेकीने फोनवर गणित केलं. म्युनिकच्या अक्षांशावर तो तासाला साधारण 11 अंश वळतो, पूर्ण फेरीला 32 तास. कोल्हापुरात तासाला सव्वाचार अंश, फेरीला जवळपास साडेतीन दिवस. विषुववृत्तावर वळणारच नाही. "कोल्हापुरात सगळंच निवांत," जावईबापू म्हणाले. त्यांचं सासर असल्याने मी सोडून दिलं.

मग उच्च दाबाच्या विजेचा खेळ. लोखंडी जाळीच्या गोळ्यात एक माणूस जाऊन बसतो, गोळा वर उचलतात आणि त्यावर वीज पाडतात. आवाज असा की धाकटीने माझ्या शर्टात तोंड खुपसलं. माणूस हात हलवत खाली उतरला. वीज जाळीच्या बाहेरूनच निघून जाते, आतल्याला काही नाही. वळवाच्या पावसात मोटारीत बसून राहा म्हणतात ते याचसाठी.

विमानांकडे जाताना जिन्याच्या पोकळीत व्ही-2 रॉकेट उभं आहे, खालून वर मजले पार करत गेलेलं. प्रत्येक मजल्यावरून दिसतं. थोरल्याला त्याच्यापुढं फोटो हवा होता. लेकीने त्याला तिथंच, जिन्यावर, सांगितलं की हे लंडन-अँटवर्पवर टाकलं, आणि डोंगर पोखरून केलेल्या कारखान्यात छळछावणीतल्या कैद्यांकडून बनवून घेतलं. ते पडून जितके मेले त्याहून जास्त माणसं ते बनवताना मेली, असं इतिहासकार सांगतात. पोराने ऐकलं आणि विचारलं, फोटो काढू का मग? काढला. दहा वर्षांच्या पोराला आणखी किती ताणायचं. पण यंत्र म्हणून ते देखणं आहे, हे मलाही जाणवलं आणि आवडलं नाही. रेघ अशी सुंदर, वेल्डिंग असं साफ, आणि ते कुणाच्या हातचं होतं ते पत्र्यावर कुठं उमटत नाही.

लेक रसायनशास्त्र शिकलेली. तिला एक टेबल दाखवायचं होतं. साधं लाकडी टेबल, वर बॅटऱ्या, तारा, मोजणीची उपकरणं. 1938 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये युरेनियमचा अणू फुटतो हे ज्या कामातून कळलं त्याची ही सामग्री. कित्येक वर्षं इथं हे ओटो हान यांचं टेबल म्हणून मांडलेलं होतं. लिझं माइटनर त्याच कामात त्यांच्याबरोबर होत्या, ज्यू घरातल्या, म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना जर्मनी सोडून पळावं लागलं, आणि फुटण्याचा अर्थ परदेशात बसून त्यांनीच आपल्या भाच्याबरोबर लावला. 1944 चं नोबेल एकट्या हान यांना. आता टेबलाशी तिघांची नावं आहेत, हान, माइटनर, श्ट्रासमान. हिने विचारलं, "त्या बाईंनी जिवंतपणी हे टेबल असं मांडलेलं बघितलं असेल का?" लेकीला सांगता आलं नाही. दोघी टेबलापुढं आमच्यापेक्षा बऱ्याच जास्त थांबल्या.

22 जुलै, रविवार

टेरेझिएनह्यॉअं इथं संग्रहालयाची वाहनांची शाखा आहे, जुन्या प्रदर्शनाच्या दालनांत 2003 पासून. बेंझची 1886 ची तीनचाकी तिथं आहे, अस्सल. पाऊण घोड्याचं इंजिन, आडवं पडलेलं फ्लायव्हील, सायकलची चाकं. थोरला म्हणाला, ही तर रिक्षा. बेंझच्या बायकोने, बेर्टाने, 1888 मध्ये नवऱ्याला न सांगता अशीच गाडी काढली, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्टसहाइमला गेली. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं आणि तेलाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ही म्हणाली, "माहेरी जायचं म्हटल्यावर सुचतं सगळं."

बाहेर पडलं की समोर बव्हेरिया. साडेअठरा मीटर उंच, शेजारी सिंह, हातात वर धरलेला पानांचा हार. 1850 मध्ये उभी केली. सुमारे 87 टन ब्राँझ. पूर्ण मापाचा प्लास्टरचा नमुना करून, भाग पाडून ओतलेली. 1844 मध्ये आधी मस्तक ओतलं, आणि त्याला नवारिनोच्या लढाईत बुडालेल्या तुर्की तोफांचं ब्राँझ वापरलं. तोफ वितळवून बाईचं डोकं! मस्तक खड्ड्यातून वर काढलं तेव्हा राजासमोर त्यातून एकामागून एक कामगार आणि मिलरची पोरं बाहेर आली, एवढी जागा आत आहे हे दाखवायला, असं सांगतात. जाहिरात कशी करावी हे ओताऱ्याला कळत होतं.

आतून गोल जिना वर जातो. ही खालीच थांबली, गुडघ्यांचं कारण सांगून. मी थोरल्याबरोबर चढलो. जुलैचं ऊन आणि चहूबाजूंनी ब्राँझ. भट्टीपुढं उभं राहिल्याची सवय असूनही घामाने भिजलो. जाताना हाताने भिंत चाचपत गेलो. बाहेरून गुळगुळीत दिसणारी बाई आतून खडबडीत आहे, जोड कळतात, वाळूचे खडे लागून पडलेले चरे कळतात. एका ठिकाणी चौकोनी ठिगळ लागलं हाताला. ओताना तिथं रस पोचला नसणार, मागून तुकडा बसवून ठोकलाय. अगदी सफाईने, पण ठिगळच. नातवाला बोट लावून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे चुकलं होतं?" मी म्हटलं, दुरुस्त केलं होतं. डोक्यात दोन बाकं आणि हवेला बारीक झरोके. त्यांतून शहर दिसतं, पण आम्ही दोघं पाठ फिरवून आणखी ठिगळं शोधत बसलो. त्याला माझ्यापेक्षा जास्त सापडली.

खाली आल्यावर हिने विचारलं, "वर काय आहे?" थोरला म्हणाला, "बाकं." ही म्हणाली, बरं झालं नाही आले.

एवढ्या ओतकामात रिजेक्शन किती गेलं असेल, हे त्या पुस्तिकेत कुठंच नाही. जावईबापूंना शोधायला सांगितलंय. ते हो म्हणालेत, पण बहुतेक विसरतील. उद्या सकाळी पुन्हा आठवण करायची.